तिसरा विषय कुठं गेला?

जून महिन्यात अमरावती किंवा अकोल्याच्या कोणत्याही मोठ्या कॉलेजात सकाळी दहाला गेलं, की प्रवेशाच्या खिडकीसमोर तेच चित्र दिसतं. प्लास्टिकच्या पिशवीत बारावीची गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला आणि आधारच्या चार झेरॉक्स. पिशवी बापाच्या हातात, पेन मुलीच्या. खिडकीतून फॉर्म बाहेर येतो आणि आतून प्रश्न येतो, ‘मेजर कोणता टाकू? मायनर कोणता?’ मुलगी बापाकडं पाहते. बाप स्वतः तीस वर्षांपूर्वी बीएस्सी झालेला असतो. तो खिडकीत वाकून विचारतो, ‘आमच्या टायमाले तर तीन विषय होते ना बाप्पा. मंग थो तिसरा कुठी गेला?’

रांगेतले लोक हसतात, पण प्रश्न अगदी नेमका असतो. वऱ्हाडातल्या दोन पिढ्यांनी पदवी म्हणजे तीन विषय असंच पाहिलं आहे. पुण्या-मुंबईकडं तिसऱ्या वर्षाला एका विषयावर येण्याची पद्धत होती. नागपूर विद्यापीठात, आणि १९८३ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या अमरावती विद्यापीठात, बीए-बीएस्सीचे तीन विषय शेवटपर्यंत बरोबरीनं चालायचे. केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी घेतलेला मुलगा तिसरं वर्ष संपल्यावर ठरवायचा, की यापैकी कशात एमएस्सी करायची. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी घेतलेली मुलगी तिघांपैकी कोणत्याही विषयात एमएला बसू शकायची. म्हणजे खरा निर्णय एकविसाव्या वर्षी, पदवी हातात आल्यावर व्हायचा.

आता तोच निर्णय अठराव्या-एकोणिसाव्या वर्षावर येऊन बसला आहे. मेजर-मायनरच्या सगळ्या गोंधळात घरच्यांनी आणि मुलांनी पहिल्यांदा हे ध्यानात घ्यायला हवं. नावं नवी आहेत, कागद नवे आहेत, पण मूळ बदल निर्णयाच्या वेळेचा आहे.

हा बदल आणणारं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. महाराष्ट्रानं त्यानुसार पदवीचा श्रेयांक आराखडा २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं आणला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात सुधारणा केल्या. विद्यापीठाचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं २०२३-२४ पासून त्यात आली, संलग्न कॉलेजं २०२४-२५ पासून. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतल्या, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीममधल्या, पारंपरिक कॉलेजांना हाच आराखडा लागू आहे.

आराखड्यातली आद्याक्षरं पाहून भल्याभल्यांची मती गुंग होते. त्यापेक्षा तासांचा हिशोब करावा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे तीस तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. त्यातले किमान निम्मे मेजरचे, म्हणजे साठाच्या वर. नुसती थिअरी धरली तरी नऊशे तास झाले. प्रॅक्टिकलचा विषय असेल तर त्याहून बरेच जास्त. मायनरला १८ ते २० क्रेडिट, म्हणजे २७० ते ३०० तास. कॉलेजचा दिवस सहा तासांचा धरला तर मायनर म्हणजे पन्नास पूर्ण दिवस. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह १० ते १२ क्रेडिटचं, आणि ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. बाकी क्रेडिट भाषा, कौशल्यं, भारतीय ज्ञानपरंपरा, फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप यांत वाटलेले असतात.

हा हिशोब मांडला की दोन गैरसमज लगेच गळून पडतात. मायनर म्हणजे ‘असाच एक विषय’ नव्हे. पन्नास दिवस कुणी असेच देत नाही. आणि मायनर म्हणजे अर्धं मेजरही नव्हे. तीनशे तासांत विषयाची ओळख पक्की होते, त्याची भाषा समजते, पण त्यावर एमएस्सीची इमारत उभी राहीलच याची खात्री नसते.

बापाच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. तिसरा विषय पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षापुरता राहिला. पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला एक मेजर, एक मायनर म्हणून जाहीर करायचा आणि उरलेला सोडायचा, अशी रचना काही कॉलेजांत आहे. काही ठिकाणी मेजर प्रवेशाच्या अर्जातच लिहून घेतात. म्हणून खिडकीवर गेल्यावर सगळ्यात आधी विचारायचं ते हे: ‘मेजर-मायनर केव्हा जाहीर करायचा, आणि नंतर बदलता येतो का?’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर त्याच व्यापक शाखेत मेजर बदलण्याची मुभा आहे. पण ती मुभा आपल्या कॉलेजात कोणत्या अर्जानं, कोणत्या तारखेपर्यंत वापरायची, ते तिथल्या कार्यालयातच कळतं. उत्तर तोंडी मिळालं तर सहाही सेमिस्टरचा छापील तक्ता मागावा. तो देणं हे कॉलेजचं काम आहे आणि मागणं हा विद्यार्थ्याचा हक्क.

ज्यांना पहिलं वर्ष असं मोकळं मिळतं, त्यांच्या हाती फार मोठी गोष्ट येते. दुर्दैवानं बहुतेक जण ते वर्ष नुसतं पास होण्यात घालवतात आणि जूनमध्ये पुन्हा गुणांकडं पाहून मेजर टाकतात. ज्यात गुण जास्त तो मेजर. हा निकष दिसायला सरळ, पण फसवा आहे. पहिल्या वर्षाचे गुण पेपर सोपा निघाला, इंटर्नल बरं गेलं, की नोट्स चांगल्या मिळाल्या, अशा कितीतरी गोष्टींवर अवलंबून असतात. त्यापेक्षा खरी पारख प्रॅक्टिकलच्या टेबलाशी होते.

केमिस्ट्रीचं टायट्रेशन घ्या. पिपेटनं दहा मिलिलिटर द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटची तोटी अर्धवट उघडून एका हातानं फ्लास्क हलवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग थेंब पडतो तिथं गुलाबी रंग उमटतो आणि विरून जातो. शेवटी एका थेंबानं सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तेव्हा आकडा लिहायचा. पण काम संपलेलं नसतं. सारखी रीडिंग येईपर्यंत तेच पुन्हा करायचं. पहिल्या वेळी हे सगळ्यांनाच आवडतं. दोन थेंब जास्त पडून रंग गडद झाल्यावर न वैतागता फ्लास्क धुऊन पुन्हा उभा राहतो, त्या मुलानं केमिस्ट्री मेजर घ्यावी. शेजारच्याची रीडिंग उतरवून जर्नल पूर्ण करावंसं ज्याला दर वेळी वाटतं, त्यानं आपल्याच वागण्यातून उत्तर वाचावं. नऊशे तास उसन्या रीडिंगवर निघत नाहीत.

कलाशाखेलाही हीच कसोटी वेगळ्या रूपात लावता येते. राज्यशास्त्र घ्यायचं असेल तर वर्तमानपत्रातली भांडणं वाचायला आवडतात की नाही, हे विचारून भागत नाही. संविधानाचा एखादा भाग उघडावा, एक अनुच्छेद त्याच्या अपवादांसह वाचावा आणि तो आपल्या शब्दांत दहा ओळींत लिहावा. असं आठवडाभर रोज करून पाहावं. सातव्या दिवशीही वही उघडावीशी वाटली तर विषय आपला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका यासाठी पुरतात. एक पैसा लागत नाही.

मेजर असा ठरला की मायनरकडं वळायचं, आणि इथं थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. कारण मायनर निवडताना वऱ्हाडातली मुलं आपल्या हातातलं सगळ्यात मोठं भांडवल विसरतात. ते म्हणजे त्यांचं घर आणि गाव.

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराच्या मुलीला आंबिया बहार आणि मृग बहार यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. झाडाला ताण केव्हा द्यायचा, पाणी केव्हा तोडायचं, हे तिनं घरात जेवताना ऐकलेलं असतं. खोडातून डिंक गळायला लागला की बाप का काळजीत पडतो, हे तिला ठाऊक असतं. त्या डिंक्या रोगामागं फायटोफ्थोरा नावाचा सूक्ष्मजीव आहे, तो साचलेल्या पाण्यातून पसरतो, हे तिला बॉटनीच्या वर्गात कळतं. तिनं बॉटनी मेजर घेतली आणि मायनरला मायक्रोबायोलॉजी घेतली, तर वर्गात शिकलेलं आणि घरी पाहिलेलं एकमेकांना धरून उभं राहतं. तसंच कपाशीचं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भात जो घात केला, तो ज्या घरांनी सोसला त्या घरातल्या मुलाला झूऑलॉजीतलं कीटकशास्त्र म्हणजे कोरडा धडा वाटत नाही. त्याला केमिस्ट्रीची जोड मिळाली तर फवारणीच्या डब्यावरचं लेबल तो वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

आता खारपाणपट्टा घ्या. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं अशी आहेत, जिथं विहिरीला पाणी लागतं पण ते पिता येत नाही आणि पिकालाही चालत नाही. दर्यापूर, अकोटकडच्या मुलांनी लहानपणापासून हे पाणी तोंडात घेऊन पाहिलेलं आहे. हे पाणी खारं का झालं, हा भूशास्त्राचा प्रश्न. त्यात काय किती आहे, हा केमिस्ट्रीचा. खारटपणा गावोगाव कसा बदलतो हे नकाशावर दाखवायचं तर भूगोल आणि संगणक. लोक त्या पाण्यावर कसे जगतात, टँकरवर किती खर्च करतात, हा अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा. एकच प्रश्न, पण एकटा कुठलाही विषय त्याला पुरा पडत नाही. केमिस्ट्री मेजर घेतलेल्या मुलानं भूशास्त्र किंवा भूगोल मायनर घेतला, तर फील्ड प्रोजेक्टला त्याला विषय शोधत फिरावं लागणार नाही. आपल्या गावातल्या दहा विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं की प्रोजेक्ट सुरू झाला.

मायनर निवडायची खरी रीत हीच आहे: मेजरनं जे दिसत नाही ते दाखवणारा विषय घ्यायचा. मेजरला अगदी खेटून असलेला विषय अभ्यासाला सोपा जातो, कारण निम्मी ओळख आधीच झालेली असते, पण त्यातून हाती फार काही नवं लागत नाही. शासनाच्या आराखड्यात मायनर आपल्याच विद्याशाखेतला घेता येतो, तसाच दुसऱ्या विद्याशाखेतलाही. ही दुसरी सवलत फार थोडे विद्यार्थी वापरतात. कॉलेजनं वेळापत्रकाची सोय केलेली नसते, हे त्याचं एक कारण. मुलांना ती सवलत ठाऊकच नसते, हे दुसरं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अर्थशास्त्र. बीएला अर्थशास्त्र घेणारी बहुतेक मुलं गणिताला घाबरून कलाशाखेत आलेली असतात. पण अर्थशास्त्रात पुढं जायचं तर गणित टाळता येत नाही. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जी जॅम परीक्षा होते, तिच्यात अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात संख्याशास्त्र आणि गणित विचारतात. अर्थशास्त्र मेजर आणि गणित किंवा संख्याशास्त्र मायनर ही जोडी अकोल्यातल्या एखाद्या मुलीला मिळाली, तर तिच्यासाठी उघडणारं दार नुसत्या अर्थशास्त्र-इतिहास जोडीला उघडत नाही. यासाठी बारावीपर्यंत गणित असणं लागू शकतं. म्हणून अकरावीत ‘मॅथ्स काढून टाकू’ असं म्हणणाऱ्या घरांनी आधी हा परिच्छेद वाचावा.

वाणिज्य शाखेचं थोडं वेगळं आहे. अकोल्याच्या बाजारात कापूस, तूर, सोयाबीन आणि डाळमिल यांचा हिशोब ज्यांनी लहानपणापासून पाहिला, त्यांना अकाउंटन्सी परकी नसते. त्यांनी मायनरला कायद्याशी किंवा संगणकाशी संबंधित विषय मिळतो का ते पाहावं. भारताचे माजी सरन्यायाधीश भूषण गवई हे अमरावतीचे. त्यांनी आधी वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि मग अमरावती विद्यापीठातून कायदा केला. पैशाचा व्यवहार समजलेला वकील आणि न समजलेला वकील यांत काय फरक असतो, हे कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात विचारलं तरी कळेल.

मराठी घेणाऱ्यांना आपल्याकडं उगीच खाली पाहायला लावतात. ते थांबलं पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथं महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला, तिथं आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भारतीय जनसंचार संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र अमरावतीतच आहे आणि तिथं मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालतो. त्याला कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतात. मराठी मेजर आणि इंग्रजी मायनर असेल तर भाषांतराकडं वाट जाते. संगणकाची जोड असेल तर मराठीसाठी शब्दसाधनं, शुद्धलेखन तपासणी, वाचा-ओळख अशी कामं करणाऱ्यांच्या रांगेत बसता येतं. मेळघाटातल्या मुलाला कोरकू येत असेल आणि त्यानं मराठी किंवा भाषाविज्ञानाचा अभ्यास केला, तर त्याच्याकडं जे आहे ते पुण्या-मुंबईच्या कोणत्याही विद्यार्थ्याकडं नाही.

बातम्या पाहून मेजर निवडणाऱ्यांबद्दल इथं लिहिणं भाग आहे. २० सप्टेंबर २०२४ ला नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली आणि पुष्कळ घरांत ‘आता टेक्स्टाइललाच टाकू’ अशी चर्चा सुरू झाली. त्याआधी आयटी, त्याआधी बायोटेक, आणि आता एआय. पार्क येऊ द्या, चांगलंच आहे. पण सुमारे हजार एकरांवर कारखाने उभे राहायला, त्यांना माणसं लागायला वर्षं जातात, आणि माणसं लागतात तेव्हा ती एकाच विषयाची लागत नाहीत. रंगाला केमिस्ट लागतो, सांडपाण्याला मायक्रोबायोलॉजिस्ट लागतो, हिशोबाला बीकॉमवाला लागतो. घोषणेवरून मेजर बदलू नये. घोषणेवरून मायनर किंवा एखादा कौशल्य कोर्स निवडला तर हरकत नाही. पन्नास दिवसांची जोखीम पेलता येते, नऊशे तासांची पेलत नाही.

एमपीएससीचं भूत यापेक्षा मोठं आहे. अमरावती-अकोल्याच्या गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत आणि तिथं बसणारी निम्मीअधिक मुलं पदवीकडं एक औपचारिकता म्हणून पाहतात. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिच्यात वैकल्पिक विषयाचे अडीचशे गुणांचे दोन पेपर असतात. त्यामुळं ‘ऑप्शनल जो घ्यायचा तोच मेजर घे’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो उलटा करून पाहावा. परीक्षेत वैकल्पिक विषय पदवीचाच असावा अशी सक्ती नाही. पण ज्या विषयात तीन वर्षं मन लावून काम केलं, त्यात पाचशे गुणांची लेखी परीक्षा देणं सोपं जातं. म्हणजे आवडीचा मेजर नीट केला तर तोच पुढं वैकल्पिक म्हणून कामी येतो. आणि परीक्षा निघाली नाही, तर हातात निदान एक खरा विषय उरतो.

शिक्षक व्हायचं असेल तर मात्र विषयाच्या नावाला फार महत्त्व आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जागा विषयनिहाय येतात आणि उमेदवाराच्या पदवीत तो विषय होता की नाही, हे कागदावरून पाहिलं जातं. बीएडच्या आधीच मेजर-मायनरचा शालेय विषयांशी मेळ घालून घेतलेला बरा. विज्ञान-गणित किंवा भाषा-सामाजिक शास्त्रं अशी जोडी शाळेला उपयोगी पडते.

पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असणाऱ्यांनी एक दुपार खर्च करावी. जिथं एमएस्सी किंवा एमए करायचं मनात आहे अशा तीन विद्यापीठांच्या प्रवेशाच्या जाहिराती उघडाव्यात आणि पात्रतेची ओळ कागदावर उतरवावी. कुठं ‘तो विषय मेजर असावा’ असं लिहिलेलं असतं, कुठं मायनर चालतो, कुठं प्रवेश परीक्षा पास झालात की शाखा विचारत नाहीत. आयआयटीत वेगवेगळ्या विभागांच्या अटी वेगवेगळ्या असतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबद्दलही एक गैरसमज पसरलेला आहे. बीएस्सी बॉटनी केली की तिथं एमएस्सी ॲग्रीला जाता येईल, असं कितीतरी मुलं धरून चालतात. कृषी विद्यापीठांत त्यासाठी साधारणपणे कृषी पदवीच लागते. ज्याला शेतीशास्त्रातच जायचं आहे, त्यानं बारावीनंतर थेट कृषीची वाट धरावी.

त्याच विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या पंजाबराव देशमुखांचा अभ्यासक्रम मात्र कोणत्याही तक्त्यात बसणारा नव्हता. २७ डिसेंबर १८९८ ला अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकरी कुटुंबात ते जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, मग विलायतेला गेले. तिथं संस्कृतचा अभ्यास केला, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगम-विकासावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टर झाले. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. दिल्लीत १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरलं ते त्यांच्याच पुढाकारानं. आजच्या भाषेत बोलायचं तर मेजर वेद, मायनर कायदा, आणि आयुष्याचं काम शेतीचं. यावरून ‘काहीही शिका, चालतं’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. संस्कृत आणि कायदा या दोन्हींनी त्यांना एक शिस्त दिली: मूळ मजकूर वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि तो ठामपणे मांडायचा. शेतीचं ज्ञान त्यांनी पापळहून सोबत नेलं होतं. अशी तीन पदरी बांधणी प्रत्येकाला जमेलच असं नाही, पण घरून आणलेलं ज्ञान विषयांच्या यादीत मोजायला कुणाचीच मनाई नाही.

मेजर-मायनर ही जोडी मुळात अमेरिकेतली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १८७७-७८ च्या माहितीपुस्तकात हे शब्द पहिल्यांदा आले असं मानतात. पण तिथल्या आणि इथल्या परिस्थितीत मोठा फरक आहे. तिथं शेकडो विषयांतून निवड असते. इथं धारणी किंवा बार्शीटाकळीच्या कॉलेजात मायनरसाठी दोन-तीनच विषय असू शकतात, आणि त्यातल्या एखाद्याला पूर्णवेळ प्राध्यापकही नसतो. म्हणून कागदावरचे पर्याय आणि खरे पर्याय यांतला फरक आधीच पाहून घ्यावा. कॉलेजात जाऊन विचारावं, की या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती. मागच्या वर्षी या विषयात तिसऱ्या वर्षाला किती मुलं होती. प्रयोगशाळेत किती जणांची बॅच बसते. यातलं काही विचारायला लाजू नये. तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी जण जीव ओतून शिकवतात, त्यांच्याबद्दल प्रश्न नाही. पण वर्षाच्या मध्ये जागा रिकामी झाली तर नुकसान मुलांचं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठून विचारलं तर माहितीपत्रकापेक्षा खरी माहिती मिळते.

दुसरी गोष्ट गाडीची. मूर्तिजापूर, बडनेरा, बोरगाव मंजू, परतवाडा, दर्यापूर इथून रोज ये-जा करणारी मुलं हजारांनी आहेत. मायनरचं प्रॅक्टिकल साडेचारला सुरू होऊन साडेसहाला संपत असेल आणि गावची शेवटची एसटी सहाला असेल, तर तो विषय कितीही आवडता असला तरी टिकत नाही. मुलींच्या बाबतीत तर घरचे दुसऱ्याच महिन्यात ‘विषय बदल’ म्हणतात. वेळापत्रक प्रवेशाआधी मिळत नसेल तर मागच्या वर्षीचं पाहावं. आणि विषय अगदी मनासारखा असेल, तर वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी भरावा. सप्टेंबरमध्ये जागा उरत नाहीत.

ओपन इलेक्टिव्हबद्दल थोडक्यात. ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच असतं, म्हणून आवडीचा पण धाडस न झालेला विषय तिथं घ्यावा. विज्ञानाच्या मुलानं वऱ्हाडाचा इतिहास घेतला, गाविलगड-नरनाळा हे किल्ले पाहून आला, तर काही बिघडत नाही.

चौथं वर्ष घ्यायचं का, हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या शेवटी येतो, पण त्याची तयारी पहिल्यापासून लागते. चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुण लागतात. चौथं वर्ष केलं की एमएस्सी-एमए एका वर्षाचं होतं. संशोधनात जायचं पक्कं असेल तर ही वाट चांगली. नसेल तर तीन वर्षांची पदवी पूर्ण आहे, तिच्यात काही उणं नाही. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, तीही वाईट नाही. घरी अडचण आली, बाप आजारी पडला, तर मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत राहतात आणि परत येता येतं. पण सोय आहे म्हणून बाहेर पडू नये.

शेवटी एक बारीक काम राहतं, आणि ते जवळपास कुणी करत नाही. परीक्षेचा अर्ज भरताना प्रत्येक विषयासमोर एक कोड असतो. मायनरचा कोड चुकला, दुसऱ्याच पेपरचा पडला, तर हॉलतिकिटावर तोच येतो, गुणपत्रिकेवरही तोच येतो, आणि दुरुस्तीसाठी विद्यापीठाच्या चकरा सुरू होतात. अर्ज सादर करण्याआधी कॉलेजच्या तक्त्यातला कोड आणि अर्जातला कोड बोट ठेवून एकेक करून जुळवावा. प्रिंट काढावी, तिच्यावर विभागप्रमुखांची सही घ्यावी, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा, आणि मूळ प्रत जूनमध्ये आणलेल्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, बारावीच्या गुणपत्रिकेमागं, नीट घडी करून ठेवून द्यावी.